चूक दिसली पाहिजे

हैदराबादेत मुसी नदीच्या उत्तरेला, अफजलगंजाच्या मागच्या अंगाला, बेगम बाजार नावाची एक जुनी पेठ आहे. दुसरे निजाम, निजाम अली खान, यांची पत्नी हमदा बेगम हिने ही जागा व्यापाऱ्यांना दिली आणि तिच्यावरून पेठेला हे नाव पडले, असे सांगतात. पितळेची भांडी, मसाले, सुका मेवा, किराणा या सर्वांची ही घाऊक बाजारपेठ. एके काळी ज्या फीलखान्यात हत्ती बांधले जात, त्याचे नाव आजही येथील एका गल्लीला आहे. हत्ती गेले, हातगाड्या आल्या. वाट मात्र तितकीच अडलेली. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली आणि मराठवाडा हैदराबादपासून वेगळा झाला. तरीही मराठी कानाला या पेठेत परके वाटत नाही.

याच पेठेत, सुक्या मेव्याच्या एका दुकानाच्या माडीवर आमचे छोटे कार्यालय आहे. आम्ही चौघेजण संगणकावर चालणारे हिशेबाचे प्रोग्राम लिहितो आणि आसपासच्या दुकानदारांना पुरवतो. बिल करावे, साठा मोजावा, कराचा गोषवारा काढावा, एवढेच त्यांचे काम. आज मी आपल्याशी बोलणार आहे ते एका चुकीविषयी. ती चूक आमच्या हातून झाली, संगणकाने ती आम्हाला वेळेवर सांगितली, आणि तरीही ती आम्हाला दिसली नाही. चूक होणे हा मनुष्यस्वभाव आहे; परंतु सांगितलेली चूक न दिसणे हा स्वभाव नव्हे, ती व्यवस्थेतील उणीव आहे. ती उणीव कशी उत्पन्न होते आणि कशी दूर करता येते, हा आजचा विषय.

प्रथम थोडी पूर्वपीठिका सांगतो. प्रोग्राम लिहिणारा मनुष्य जे लिहितो ते संगणकाला जसेच्या तसे कळत नाही. त्याचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करावे लागते. हे काम कंपायलर नावाचा दुसरा प्रोग्राम करतो. लिखाण एकाच कागदावर नसते, ते शेकडो लहान लहान फायलींत विभागलेले असते. प्रत्येक फाइलचे रूपांतर करायचे, मग ते तुकडे एकमेकांना जोडायचे, आणि शेवटी गिऱ्हाइकाला देण्यासाठी एक पुडके बांधायचे, या सर्व खटाटोपाला आमच्या व्यवसायात बिल्ड म्हणतात. मी त्याला बांधणी म्हणेन. बांधणी चालू असता पडद्यावर ओळींमागून ओळी सरकत असतात. अमुक फाइल घेतली, तमुक जोडली, येथे शंका आहे, तेथे अडले, असा सारा वृत्तांत त्यांत असतो. या वृत्तांतातील काही ओळी नुसती माहिती देतात, काही इशारा देतात, आणि एखादीच ओळ म्हणते, “येथे चूक आहे, मी पुढे जाऊ शकत नाही.” सारी गोम त्या एका ओळीत असते.

आता आमची हकिकत. ३ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटी परिषदेने करांच्या दरांत मोठा बदल ठरवला आणि तो २२ सप्टेंबरपासून अमलात आला. बारा टक्क्यांचा दर जवळजवळ नाहीसाच झाला. बदाम, पिस्ते, अंजीर, खजूर यांवरचा कर बारावरून पाच टक्क्यांवर आला. स्वयंपाकाच्या भांड्यांवरचाही तसाच उतरला. २२ सप्टेंबर हा घटस्थापनेचा दिवस होता. सणासुदीच्या खरेदीला त्याच दिवशी तोंड फुटायचे. म्हणजे आदल्या रात्रीपर्यंत जुना दर आणि सकाळी दुकान उघडताच नवा दर, अशी कसोटी होती.

सर्वपित्री अमावास्येच्या रात्री आम्ही नव्या दरांचा तक्ता प्रोग्राममध्ये घातला आणि बांधणी सुरू केली. दर प्रोग्रामच्या पोटात ठेवणे हाच खरे तर आमचा पहिला दोष; ते बाहेर, सहज बदलता येईल अशा ठिकाणी ठेवायला हवे होते. पण तो विषय वेगळा. बांधणी चालली, ओळी सरकल्या, आणि अखेरीस पडद्यावर अक्षरे उमटली : “पुडके तयार.” आम्ही ते पुडके पाच दुकानांकडे पाठवले आणि निश्चिंत मनाने घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी खालच्या दुकानातील मुनीमकाका जिना चढून वर आले. काका मूळचे नांदेडकडचे, सत्तरी ओलांडलेले. संगणक आल्यापासून त्यांची वही गेली. परंतु दिवसाच्या मध्यावर एकदा बेरजा डोळ्यांखालून घालण्याची सवय गेली नाही. ते दारातूनच म्हणाले, “अरे बाबा, बारा टक्क्यांच्या रकान्यात आज काही असायलाच नको. मग हा आकडा कुठून आला?”

त्यांच्या हातातील कागद पाहिला आणि माझ्या पोटात गोळा उठला. सकाळपासूनची बदामाची सारी बिले जुन्याच दराने फाटली होती. एक लाखाच्या मालावर पाच हजारांऐवजी बारा हजार कर, म्हणजे लाखामागे सात हजार रुपये गिऱ्हाइकाकडून अधिक घेतलेले. मोठा व्यापारी असेल तर त्याला त्या कराची वजावट पुढे मिळते, त्याचे फारसे बिघडत नाही. परंतु कंपोझिशन योजनेत असलेल्या लहान दुकानदाराला ती वजावट मिळत नाही. त्याच्या खिशातून गेलेले सात हजार त्याच्या दिवाळीतूनच गेलेले असतात. मालाच्या गोण्या टेम्पोत चढून केव्हाच गावोगाव निघाल्या होत्या.

पुढले दोन दिवस आम्ही दूरध्वनीवर बसून काढले. प्रत्येक गिऱ्हाइकाला शोधायचे, क्षमा मागायची, क्रेडिट नोट करून पैसे परत करायचे. बहुतेकांनी समजून घेतले. एका वृद्ध दुकानदाराने मात्र एवढेच विचारले, “मी हिशेब तपासला नसता तर तुम्ही सांगितले असते काय?” त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर होते, पण ते देण्याचा अधिकार त्या दिवशी माझ्याजवळ नव्हता.

आता दोष कोणाचा, याचा शोध सुरू झाला. नव्या दरांचा तक्ता आमच्याकडे नव्यानेच रुजू झालेल्या एका मुलीने टंकित केला होता. त्यात एका ओळीच्या शेवटी एक स्वल्पविराम राहून गेला होता. मी तिला सर्वांसमोर बोललो. “एवढासा स्वल्पविराम, आणि पाच दुकानांची अब्रू!” असे काहीसे माझे शब्द होते. ती काही बोलली नाही. सायंकाळी मात्र ती माझ्यापुढे येऊन शांतपणे म्हणाली, “सर, चूक माझीच आहे. पण ती असताना बांधणी यशस्वी कशी झाली, हे मला कळत नाही. कंपायलरने अडवायला हवे होते ना?”

प्रश्न बिनतोड होता. आम्ही त्या रात्रीचा सारा वृत्तांत काढून वाचावयास बसलो. हजारो ओळी होत्या. आणि त्या ओळींच्या मध्यावर, अगदी स्वच्छ शब्दांत, फाइलच्या नावासह आणि ओळीच्या क्रमांकासह कंपायलरने लिहून ठेवले होते की येथे स्वल्पविराम हवा, मी ही फाइल घेऊ शकत नाही. त्याने आपले कर्तव्य चोख बजावले होते. बहिरे होतो ते आम्ही.

ती ओळ आम्हाला का दिसली नाही याची कारणे मी आपल्यापुढे मांडतो. ती केवळ आमच्यापुरती नाहीत. जेथे जेथे पुष्कळ माणसे किंवा पुष्कळ यंत्रे एकाच वेळी बोलतात, तेथे ती लागू पडतात.

पहिले कारण गर्दीचे. वेळ वाचावा म्हणून आमचा संगणक एकाच वेळी आठ फायलींवर काम करतो. त्यामुळे आठांचे बोलणे एकमेकांत मिसळते. एकाने “अडलो” म्हटले तरी उरलेले सात हातातले काम पुरे करीतच राहतात आणि त्यांच्या बोलण्याखाली ती हाक गाडली जाते. बेगम बाजारात दुपारी बारा वाजता एखाद्याने हरवलेल्या मुलाच्या नावाने हाक मारावी, तसा तो प्रकार.

दुसरे कारण सवयीचे. आमच्या बांधणीत रोज सुमारे दोनशे इशारे येत. हे नाव वापरात नाही, ही पद्धत जुनी झाली, अशा स्वरूपाचे. त्यांनी कधी काही बिघडले नव्हते, म्हणून आम्ही ते वाचणे सोडून दिले होते. जो पहारेकरी रोज रात्री दोनशे वेळा शिट्टी वाजवतो, त्याची दोनशे एकावी शिट्टी कोण ऐकणार?

तिसरे कारण सर्वांत घातकी, आणि ते माझ्या स्वतःच्या हातचे होते. प्रत्येक प्रोग्राम आपले काम संपताना मागे एक आकडा ठेवून जातो. शून्य म्हणजे सर्व ठीक. शून्याखेरीज दुसरा कोणताही आकडा म्हणजे बिघाड. पुढची पायरी चढावी की थांबावे, हे या आकड्यावरून ठरते. मी दोन वर्षांपूर्वी बांधणीचा वृत्तांत पडद्यावरही दिसावा आणि फाइलमध्येही उतरावा म्हणून बांधणीच्या पुढे एक नोंदकार प्रोग्राम जोडला होता. अशी साखळी जोडली की साखळीतल्या शेवटच्याचा आकडा तेवढा ग्राह्य धरला जातो. त्या रात्री बांधणीने बिघाडाचा आकडा ठेवला. नोंदकाराने मात्र त्या बिघाडाची नोंद बिनचूक उतरवून घेतली आणि आपले काम उत्तम झाले म्हणून शून्य ठेवले! आमच्या यंत्रणेने ते शून्य पाहिले आणि ती पुढे गेली. कारखान्याला आग लागली, कारकुनाने “आग लागली” असे सुवाच्य अक्षरांत लिहिले, आणि मालकाने कारकुनाच्या अक्षराला शाबासकी दिली, असा तो मासला होता.

चौथे कारण शिळ्या मालाचे. नवी फाइल तयार झाली नाही, पण आदल्या दिवशीची तयार फाइल तेथेच पडून होती. पुडके बांधणाऱ्याने समोर असेल ते उचलले. आत जुना दर, वर नव्या तारखेचा शिक्का.

श्रोतेहो, हे वाचून झाल्यावर खोलीत कोणी बोलेना. मग मी त्या मुलीची सर्वांसमोर क्षमा मागितली. तिचा स्वल्पविराम राहिला होता, तो कोणाचाही राहू शकतो. मी मात्र तो सांगणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवला होता.

या व्यवसायाचा इतिहास चाळला तर असे अनुभव थोरामोठ्यांनाही आलेले दिसतात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्स नावाची प्रणाली घडली. तेथे १९७० नंतरच्या काळात संगणकावरून थेट अक्षरजुळणी करणारे यंत्र आले होते. छायाचित्राप्रमाणे कागद रसायनांतून काढावा लागे आणि मगच छपाई दिसे. एके दिवशी दुपारी तेथील अनेकांवर एकच प्रसंग आला. त्या दुर्गंधी रसायनांतून लांबच लांब कागद काढला, तो त्यावर सुंदर टायपात एकच ओळ : अमुक फाइल उघडता येत नाही! चुकीची सूचना मालाच्याच वाटेने गेली आणि मालाबरोबर छापली गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत तेथे चुकीच्या सूचनांसाठी एक स्वतंत्र वाट ठेवण्यात आली. माल एका दाराने, तक्रार दुसऱ्या दाराने. स्टँडर्ड एरर या नावाने ती वाट आज जगातील असंख्य संगणकांत आहे. हा किस्सा तेथील शास्त्रज्ञ स्टीव्ह जॉन्सन यांनी सांगून ठेवला आहे.

याच जॉन्सन यांच्या दुसऱ्या एका संतापातून आणखी एक साधन जन्माला आले. त्यांनी चूक दुरुस्त केली होती, पण दुरुस्त फाइल कंपायलरमधून काढायची राहिली. जुनाच तुकडा जोडला गेला आणि बरोबर असलेल्या लिखाणात चूक शोधण्यात त्यांची एक सकाळ फुकट गेली. ते तणतणत आपले सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत शिरले. त्यातूनच फेल्डमन यांनी १९७६ साली मेक नावाचा प्रोग्राम लिहिला. कोणती फाइल बदलली आहे ते पाहून तेवढीच पुन्हा बांधणारा हा प्रोग्राम आजही वापरात आहे, आणि त्याबद्दल फेल्डमन यांना २००३ साली संगणकशास्त्रातील एक मानाचा पुरस्कार मिळाला. शिळा तुकडा नव्याच्या नावाने खपणे हा आजार आमच्या माडीवर प्रथम उद्भवला नाही, हे वाचून मला थोडे समाधान वाटले. औषध निघाल्याला पन्नास वर्षे होत आली तरी आम्ही ते नीट घेत नाही, हे लक्षात येऊन ते समाधान ओसरले.

इशारे आणि सवय यांविषयी एक अत्यंत दुःखद उदाहरण आहे. थेराक-२५ नावाचे, कर्करोगावर किरणोपचार करणारे एक यंत्र कॅनडात बनले होते. १९८५ ते १९८७ या काळात त्या यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण दिले. त्यांतील काही दगावले. १९८६ साली टेक्सासमधील टायलर येथे हा प्रकार घडला तेव्हा पडद्यावर सूचना आली होती. ती अशी : “बिघाड ५४.” त्याचा अर्थ काय, ते चालकाच्या हातातील पुस्तिकेत नीट दिलेले नव्हते. ते यंत्र दिवसातून अनेकदा असे किरकोळ बिघाड दाखवून थांबत असे, आणि एक कळ दाबली की पुढे चालू लागे. चालकाने नेहमीप्रमाणे ती कळ दाबली. सूचना डोळ्यांसमोर होती, तरी ती दिसली असे म्हणता येत नाही. जी सूचना काय झाले ते सांगत नाही, काय करावे ते सांगत नाही, आणि उठल्यासुटल्या येते, ती न आल्यासारखीच.

दुसऱ्या बाजूचाही एक धडा आहे. इशाऱ्यांचा त्रास होतो म्हणून ते न समजता बंद करणे हेही तितकेच वाईट. २००६ साली डेबियन या मुक्त संगणक-प्रणालीत गुप्तलेखनाच्या एका प्रोग्राममधील दोन ओळी काढून टाकण्यात आल्या, कारण तपासणीचे एक साधन त्या ओळींवर बोट ठेवीत होते. इशारा थांबला. पण त्या ओळींतच गुप्त किल्ल्या घडवण्यासाठी लागणारी यादृच्छिकता जमा होत होती. परिणामी एका प्रकारच्या आणि लांबीच्या किल्ल्या जास्तीत जास्त ३२,७६८ इतक्याच घडू लागल्या, आणि कोणीही त्या एकेक करून लावून पाहाव्यात इतके कुलूप कच्चे झाले. हे उघडकीस यायला २००८ साल उजाडावे लागले.

मग करावे काय? आम्ही त्यानंतरच्या पंधरवड्यात बांधणीची नवी शिस्त बसवली. ती थोडक्यात सांगतो.

एक : आकडा खरा ठेवायचा. साखळीतील कोणत्याही एका कडीत बिघाड झाला तर सबंध साखळी बिघडली असे मानावे, अशी आज्ञा देण्याची सोय शेलमध्येच आहे. तिला पाइपफेल म्हणतात. ती एका ओळीची सूचना मी दोन वर्षांपूर्वी लिहिली असती तर आज हे भाषण नसते.

दोन : ज्याचे बोलणे त्याच्याजवळ ठेवायचे. मेक प्रोग्रामच्या ग्नू आवृत्तीत २०१३ सालापासून अशी सोय आहे की आठ कामे एकदम चालली तरी प्रत्येकाचा वृत्तांत ते काम संपल्यावर सलग छापला जातो. हाकांची सरमिसळ थांबते.

तीन : चूक अखेरीस पुन्हा सांगायची, आणि त्यातही पहिली चूक आधी. एक कंस राहिला की कंपायलर पुढच्या चाळीस ओळींवर रुसतो. ते चाळीस रुसवे म्हणजे चाळीस चुका नव्हेत. मूळ चूक बहुधा पहिली असते, आणि वाचणाऱ्याची नजर मात्र शेवटच्या ओळीवर असते. म्हणून सबंध वृत्तांत फाइलमध्ये ठेवून पडद्याच्या तळाशी केवळ पहिली चूक, तिची फाइल आणि तिचा ओळक्रमांक, इतकेच दाखवायचे. ती लाल रंगात असावी हे खरे. परंतु लाल आणि हिरवा यांतील भेद ज्यांना दिसत नाही अशीही माणसे असतात, म्हणून रंगाबरोबर “चूक” हा शब्दही हवाच.

चार : इशाऱ्यांची थकबाकी ठेवायची नाही. दोनशे इशारे आम्ही एकेक करून निकालात काढले. जे खरे होते ते दुरुस्त केले. जे निरुपद्रवी होते ते गप्प केले, पण प्रत्येकाशेजारी ते का गप्प केले याचे कारण लिहून. आता नवा इशारा आला तर बांधणी थांबते.

पाच : अर्धवट आणि शिळा माल ठेवायचा नाही. गिऱ्हाइकाला द्यायचे पुडके रिकाम्या जागेवर, अगदी पहिल्यापासून बांधायचे. वेळ अधिक लागतो. तो लागू द्यावा.

सहा : घंटा वाजते की नाही ते मधूनमधून वाजवून पाहायचे. दर शनिवारी आमच्यापैकी एकजण मुद्दाम एक चूक पेरतो आणि बांधणी ती पकडते की नाही ते पाहतो. पहिल्या शनिवारी हा मान त्याच मुलीला दिला. तिने एक स्वल्पविराम काढला!

हे सर्व मी एके दिवशी मुनीमकाकांना सांगितले. मला वाटले, त्यांना नवल वाटेल. त्यांनी शांतपणे चहाचा पेला खाली ठेवला आणि म्हणाले, “यात नवे काय? आमच्या वहीत उचंत खाते असे.”

ज्या श्रोत्यांना जमाखर्चाचा परिचय नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिवसभराचे व्यवहार कीर्दीत लिहायचे, तेथून खतावणीत न्यायचे, आणि सर्व खात्यांच्या बाक्यांची तेरीज मांडायची. जमा आणि नावे जुळले नाहीत, किंवा एखादी रक्कम कोणाची ते कळले नाही, तर ती तात्पुरती उचंत खात्यात टाकायची. काका म्हणाले, “उचंत खाते असणे वाईट नाही. चूक सापडेपर्यंत ती कुठेतरी दिसत राहावी म्हणून ते असते. पण मालकाची सक्त ताकीद असे की त्याचे पान वहीच्या अगदी पुढे हवे, मागे नव्हे. सकाळी वही उघडली की पहिली नजर त्याच्यावर पडली पाहिजे. ज्या पेढीचे उचंत खाते मागच्या पानावर गेले, त्या पेढीची पत त्याच्या मागोमाग जाते. तुमचे दोनशे इशारे म्हणजे दोनशे उचंती, बाबा. तुम्ही त्या मागच्या पानावर टाकल्यात.”

मी निरुत्तर झालो. ते पुढे म्हणाले, “आणि तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असेही समजू नये. दोन चुका एकमेकींना झाकतात. म्हणून मी दुपारी रकाने पाहतो.” त्यांनी त्या दिवशी नेमके तेच केले होते. आमच्या साऱ्या यंत्रणेने ठीक म्हटल्यावर, बारा टक्क्यांचा रकाना रिकामा असायला हवा एवढे साधे ज्ञान असलेल्या एका माणसाने चूक पकडली. प्रत्येक सूचना चोख झाली तरी विषय जाणणाऱ्या माणसाची नजर अनावश्यक होत नाही, हेही मी त्या दिवशी शिकलो.

श्रोतेहो, आपणांपैकी बहुतेकांचा प्रोग्राम लिहिण्याशी संबंध येत नसेल. परंतु आपले वीजबिल, रेल्वेचे तिकीट, बँकेचे खाते, रुग्णालयातील अहवाल या सर्वांच्या मागे कोठेतरी अशी बांधणी झालेली असते. तिच्या वृत्तांतात एखादी ओळ खरे बोलत असते आणि ती कोणी वाचली की नाही, यावर आपले काही ना काही अवलंबून असते. आणि हा विचार संगणकापुरताच कशाला? घरात, शाळेत, कचेरीत चूक सांगणारा कोणीतरी असतोच. त्याचा आवाज गर्दीत बुडतो की काय, तो रोज बोलतो म्हणून आपण ऐकणे सोडले की काय, त्याचे बोलणे नोंदवून घेतले यातच आपण समाधान मानले की काय, हे अधूनमधून तपासून पाहायला हरकत नाही.

आमच्या माडीवर आता बांधणी अडली की पडद्याच्या तळाशी एकच लाल ओळ उमटते आणि काम तेथेच थांबते. गेल्या आठवड्यात ती उमटली तेव्हा ती चूक माझी होती. त्या मुलीने ती मोठ्याने वाचून दाखवली, सर्वजण हसले, आणि पाच मिनिटांत ती दुरुस्त झाली. खाली दुकानात कोणाला त्याचा पत्ताही लागला नाही.